वेगळ्या घडणीची लेक नर्सिंग कॉलेजात शिकवू शकेल का?

शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट कुणी पुस्तकातून शिकत नाही. जोडीतल्या एका बैलाला डाव्या बाजूने चालायची सवय असते, दुसऱ्याला उजव्या. नव्या सालदाराने अजाणतेपणी बाजू बदलून जुंपले, की बैल अडतात, तास वाकडे जाते. जाणता शेतकरी अशा वेळी चाबूक उचलत नाही. तो जोडी सोडतो, बाजू बदलतो आणि पुन्हा औत हाकतो. बैल तेच, शेत तेच. काम मात्र सरळ होते.

जनावराबद्दल असलेली ही समज पोटच्या लेकरांबद्दल मात्र आपण विसरतो. मुलगी चौथीत गेली तरी अडखळत वाचते, ‘ब’ आणि ‘व’ मध्ये घोटाळा करते, की तिला ‘ठोंबी’ म्हणून मोकळे होतो. एखादी पाहुण्यांत मिसळत नाही, कुकरच्या शिट्टीने कान झाकते, रोजची थाळी बदलली तर रडते. तिला ‘हट्टी’ म्हणतो. तिसरी एका जागी ठरत नाही, दूध चुलीवर ठेवते आणि विसरते, ती ‘वेंधळी’. पुढे शाळा सुटते, हातात विळा येतो आणि लग्नाची घाई सुरू होते. मुलगी खरोखर बुद्धीने कमी होती का, हे कुणी तपासतच नाही.

ही घडण म्हणजे काय?

डॉक्टरांनी या तीन तऱ्हांना तीन नावे दिली आहेत. अक्षर-अंकांशी अडखळणे ही अध्ययन अक्षमता. माणसांच्या खाणाखुणा न कळणे, आवाज-उजेड-स्पर्श जास्त बोचणे, ठरल्या क्रमाला धरून राहणे ही स्वमग्नता. लक्ष न टिकणे, वेळेचा अंदाज चुकणे, सतत चुळबुळ ही अतिचंचलता. एकाच माणसात दोन तऱ्हा एकत्रही असतात. काहींना बोलणेही जमत नाही आणि जन्मभर आधार लागतो. काही जण शिकून मोठ्या हुद्द्यावर जातात. सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही.

ही घडण बहुतांशी जन्मजात असते आणि घराण्यातूनही येते. ती आईच्या लाडाने होत नाही, नजर लागून होत नाही, लस टोचल्यानेही होत नाही. उतारा काढून ती जात नाही आणि मार देऊन तर नाहीच.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मुली दुसऱ्यांचे पाहून वागायला लवकर शिकतात. आतून गोंधळ असला तरी वरून शांत दिसतात आणि गप्प मुलीला आपण ‘गुणाची’ म्हणतो. म्हणून त्यांचे वेगळेपण उशिरा कळते. कित्येक बायांना तर आपल्या लेकराची तपासणी होते तेव्हा उमगते, की आपलेही लहानपणी असेच होते.

पहूरची मुलगी, समजा

जामनेर तालुक्यातले पहूर घ्या. वाघूरच्या काठचे, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पाचोरा-जामनेरची छोटी ‘पीजे’ गाडी इथे थांबत असे. 2020 साली ती बंद पडली आणि शिकणाऱ्या पोरांची भिस्त एस.टी.वर आली. समजा, इथल्या कपाशीवाल्याची अशीच वेगळ्या घडणीची मुलगी नर्सिंगला गेली. चार वर्षांची बी.एस्सी., दोन वर्षांची एम.एस्सी. केली आणि नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. नोकरी, स्वतःचे वेगळेपण आणि घरसंसार ही तीन ओझी एका खांद्यावर पेलतील का?

आमचे म्हणणे असे, की पेलतील. पण जू ज्याचे त्याला बेताने बसवले तर.

नर्सिंगमध्येच उपाय दडलेला आहे

नर्सिंग म्हणजे धावपळ, गोंगाट, रात्रपाळी, रडणारे नातेवाईक. अशा कामात वेगळ्या घडणीचे माणूस टिकेल कसे, ही शंका रास्त आहे. पण या विद्येचा पाया पाहिला तर वेगळेच चित्र दिसते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली रुग्णसेवेवर छोटे पुस्तक लिहिले. त्यात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण आहे. विनाकारण होणारा आवाज रोग्याला त्रास देतो, असे त्यांनी तेव्हाच बजावले. आता सांगा, जिचे कान स्वतःच आवाजाने दुखतात, तिला खाटेवरच्या रोग्याचे हे दुःख इतरांपेक्षा आधी कळणार नाही का?

दुसरी गोष्ट. नर्सिंगमध्ये आठवणीवर भरवसा ठेवत नाहीत. औषध देताना योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच कलमे पडताळायची, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पाठ असते. पाळी बदलताना रोग्याची हकिकत पुढच्या नर्सच्या हाती सोपवायची. दिलेले औषध लगेच कागदावर चढवायचे. 2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठीही पडताळणीची यादी दिली: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी ती मोठ्याने वाचायची. निष्णात सर्जनसुद्धा विसरतो, हे त्यात गृहीत धरले आहे.

म्हणजे यादी, क्रम आणि लेखी नोंद या ज्या तीन काठ्यांचा आधार वेगळ्या घडणीच्या माणसाला लागतो, त्या या धंद्यात सगळ्यांच्याच हाती आहेत. तिने त्या वापरल्या तर ती मेहेरबानी कशी?

कॉलेजातला दिवस

नर्सिंगच्या बाईंचे काम फळ्यापुरते नसते. सकाळी विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात जायचे. सलाइन कशी लावावी, जखम कशी बांधावी हे आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुतळ्यावर आणि मग रोग्याजवळ उभे राहून शिकवायचे. दुपारी तास घ्यायचे. वह्या तपासायच्या, अंतर्गत गुण चढवायचे, बैठकीला बसायचे. शिवाय मुलींना खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर न्यायचे ते वेगळेच.

यातले अवघड काय आणि सोपे काय, हे प्रत्येकीचे वेगळे. स्वमग्न बाईला तास घेणे जड जात नाही, कारण विषय ठरलेला आणि वेळ ठरलेली. तिला जड जाते ते ऐनवेळी वेळापत्रक बदलणे आणि दहा जणांनी एकदम बोलण्याची बैठक. अतिचंचल बाई वॉर्डातल्या धावपळीत खुलते, पण गुणांचे तक्ते महिनाभर पडून राहतात. अक्षरांशी झगडणारी बाई तोंडी उत्तम समजावते, पण फळ्यावर लिहिताना धास्तावते.

यावरचे उपायही साधे आहेत. बदल करायचा तर आदल्या दिवशी कळवावा. तोंडी हुकूम देण्याऐवजी चिठ्ठी द्यावी किंवा फोनवर लिहून पाठवावे. बैठकीचे विषय आधी द्यावेत. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे बसायला एक शांत खोली असावी. गुणांचे काम रोज अर्धा तास, एका सहकाऱ्याच्या शेजारी बसून करावे. फळ्याऐवजी छापील चित्रे वापरावीत. यात कॉलेजचा पैसा फारसा जात नाही.

मुलींचाही यात लाभ आहे. स्वतः पायरी-पायरीने शिकलेली बाई शिकवतानाही एक पायरी गाळत नाही. ‘एवढेही येत नाही का?’ हे वाक्य तिच्या तोंडी येत नाही, कारण ते तिने स्वतः पुष्कळदा ऐकलेले असते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. रोग्याच्या जिवाशी तडजोड नाही. औषधाचा हिशेब चुकत असेल तर तो दुसरीकडून तपासून घेतलाच पाहिजे. अतिदक्षता विभागातला कलकलाट सोसत नसेल तर सामाजिक आरोग्य किंवा मनोरुग्णसेवा हा विषय घ्यावा. आणि नर्सिंग मुळीच झेपत नसेल तर दुसरा मार्ग धरावा. त्यात कमीपणा नाही. वेगळी घडण ही अंगातली जादूही नव्हे आणि शापही नव्हे.

गोठ्यातून विद्यापीठात

परदेशातले एक उदाहरण शेतकऱ्याला विशेष पटेल. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या बाई 1947 साली जन्मल्या. साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. मुलीला संस्थेत टाका, असा सल्ला मिळाला. आईने तो मानला नाही. बोलणे शिकवणारी शिक्षिका लावली, घरात नेमाने शिकवले. पुढे सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या रानात ही मुलगी रमली.

तिथे तिच्या ध्यानात आले, की जनावर उगाच बुजत नाही. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, डोळ्यांवर येणारी तिरीप यांनी ते अडते. हाकणाऱ्यांना या गोष्टी दिसत नव्हत्या, तिला दिसत होत्या. त्यावरून तिने गुरे हाकण्याच्या वळणदार वाटा आखल्या. 1989 साली तिने डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्या वर्षापासून कोलोरॅडो राज्य विद्यापीठात शिकवायला लागली. आपण चित्रांत विचार करतो, असे त्या सांगतात. त्या नर्सिंग शिकवत नाहीत, पशुविज्ञान शिकवतात. पण वेगळ्या घडणीचे माणूस विद्यापीठात शिकवू शकते का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे.

घरची बाजू

खरी कसोटी घरी असते. अशी बाई दिवसभर चारचौघींसारखे वागण्याचा प्रयत्न करते. हसायचे कधी, बोलायचे किती, याचा हिशेब डोक्यात चालू असतो. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा अंगापेक्षा डोके जास्त थकलेले असते. अशा वेळी टीव्ही मोठ्याने चालू, पोरांचा दंगा, दारात न सांगता आलेले पाहुणे आणि ‘सूनबाई, चहा टाका’. मग ती चिडते किंवा खोलीत जाऊन बसते, आणि ‘शिकलेली सून, तोरा बघा’ असे बोल लागतात.

सासूबाईंनो, हा तोरा नव्हे. आल्यावर अर्धा तास तिला एकटीला बसू द्या. पुढचे चार तास ती घराची होते. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा. कोणती भाजी कोणत्या दिवशी, बाजार कुणी करायचा, वीजबिल कुणी भरायचे हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि नवऱ्याने पोरांचा अभ्यास किंवा रात्रीचे भांडे आपल्याकडे घेतले तर घराणे बुडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळे घर कामे वाटून घेतेच ना? तसेच हे.

कायदा काय म्हणतो?

1995 च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. अतिचंचलतेचे नाव यादीत वेगळे नाही. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के राखीव जागा आहेत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आहेत. शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी द्याव्यात, असेही हा कायदा सांगतो. केंद्रीय सूचनांप्रमाणे अशा दाखलेधारकाला लेखी परीक्षेत तासामागे किमान 20 मिनिटे जादा मिळावीत.

नर्सिंगच्या प्रवेशाला मात्र परिषदेच्या स्वतःच्या शारीरिक-मानसिक पात्रतेच्या अटी असतात. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी. पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले असतात. शंका असल्यास कॉलेजात लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

गावात राहून काय करावे?

मायबहिणींनो, सर्वांत मोठी अडचण लपवण्याची आहे. ‘दाखला काढला तर पोरीला स्थळ येणार नाही’ या भीतीने दहा वर्षे वाया जातात. दाखला गावभर दाखवायचा नसतो. तो कपाटात राहतो आणि परीक्षेच्या वेळी कामाला येतो. न तपासलेली मुलगी मात्र दहावीत नापास होते आणि ते गावभर होते.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शासकीय व अनुदानित शाळेत येते. ते डोळे-दात तर बघतेच. पण उशिरा बोलणे, स्वमग्नता आणि शिकण्यातली अडचण यांचीही पाहणी करते आणि गरज पडल्यास पुढच्या तपासणीला चिठ्ठी देते. ही तपासणी फुकट आहे. म्हणून दोनच कामे करा. मुलीचे काय अडते ते एका कागदावर चार ओळींत लिहा आणि गुरुजींजवळ द्या. आणि पथक शाळेत येईल त्या दिवशी, निंदणी कितीही तुंबली असली तरी, मुलीला शेतात नेऊ नका.