गोंदण्याचें यंत्र व त्याचें सोंवळें

हनुवटीवर हिरवट टिंबें, दंडावर तुळशीवृंदावन, मनगटावर एखादें नांव असें गोंदण आपल्या कित्येक आज्या-पणज्यांच्या अंगावर असे. गोंदणारीण दारीं येई, दोन-तीन सुया दोऱ्यानें एकत्र बांधी, दिव्याच्या काजळीचा रंग कालवी आणि त्याच सुयांनीं वाडींतील पांच-दहा जणींना गोंदून पुढच्या वाडीस जाई. हातांत तिच्या कसब होतें. परंतु एकीचें रक्त दुसरीच्या अंगांत शिरत होतें, हें तिलाहि ठाऊक नव्हतें आणि गोंदवून घेणारीलाहि नव्हतें.

आज तीच कला टॅटू हें नांव धारण करून पेटींतून घरोघर येत आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळें सर्वांस परिचित असलेल्या पावससारख्या गांवींहि, आंब्याचा हंगाम सरल्यावर जोडधंदा शोधणाऱ्या एखाद्या पदवीधर मुलानें अशी पेटी मागविली, तर त्यांत नवल नाहीं. धंदा कमी प्रतीचा म्हणून नाक मुरडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. भीति आहे ती निराळीच. पेटी उघडली रे उघडली कीं धाकटीं चुलतभावंडें बाह्या वर सारून पुढें बसतात. येथें वडीलधाऱ्यांनीं आडवें यावें, आणि मुलानें पहिले कांहीं महिने केळ्याच्या सालीवर व कृत्रिम कातड्यावरच हात बसवावा.

यंत्राचें मूळ मौजेचें आहे. कचेरींतील कागदांच्या प्रती काढण्याकरितां एडिसननें विजेची लेखणी शोधली व १८७६ सालीं तिचें पेटंट घेतलें. ती कागदास बारीक भोंकें पाडी. तिच्याच आधारें न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनें १८९१ सालीं गोंदण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. वेटोळ्यांच्या यंत्राची रचना दारावरच्या विजेच्या घंटेसारखी असते. वेटोळ्यांतून प्रवाह गेला कीं लोखंडी पट्टी ओढली जाते, ओढली जातांच प्रवाह तुटतो, स्प्रिंग तिला माघारी आणते, आणि पुन्हां तेंच चक्र. घंटेंत या पट्टीस टोला असतो, येथें सुई. नवशिक्यास मात्र लहान मोटारीवर चालणारें यंत्र बरें. त्यांत स्प्रिंगा जुळविण्याची यातायात नाहीं. सुई त्वचेंत एक ते दोन मिलिमीटरच जावी. उथळ राहिली तर वरच्या कातडीबरोबर रंग झडतो, खोल गेली तर रंग पसरतो व वण राहतो.

पण यंत्र जुळविणें हा सोपा भाग झाला. या विद्येचें खरें मर्म ज्या शब्दांत आहे, तो शब्द आपल्या घरांतलाच आहे: सोंवळें. या शब्दानें माणसांमाणसांत ज्या भिंती घातल्या, त्यांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु कशाला शिवलेला हात कशाला शिवतां कामा नये, ही त्यामागची शिस्त येथें अक्षरशः लागू पडते. हातमोजे घातलेल्या हातानें मोबाइल उचलला, दिव्याचें बटण दाबलें किंवा रंगाची मोठी बाटली धरली, कीं ते हातमोजे ओंवळे झाले. काढून टाकावे, हात धुवावे, नवे घालावे. म्हणूनच लागेल तेवढा रंग आधींच लहान टोपणांत काढून घेतात व उरलेला फेकून देतात. यंत्रास व त्याच्या तारेस प्लॅस्टिकचें वेष्टण घालतात, तेंहि प्रत्येक माणसागणिक नवें. हा कांहीं नुसता कर्मठपणा नव्हे. हिपॅटायटिस बी या रोगाचा विषाणु वाळलेल्या रक्ताच्या डागांत निदान सात दिवस जिवंत राहतो. त्यावर लस आहे, ती शिकणाऱ्यानें सुई हातीं धरण्यापूर्वींच पुरी करावी. हिपॅटायटिस सीवर लस नाहीं.

सुई एकदांच वापरावयाची. ती उकळून किंवा स्पिरिटांत बुडवून पुन्हां घेऊं, हा काटकसरीचा विचार मनांत आणूं नये. स्वयंपाकघरांतील कुकरहि सुमारें १२१ अंशांपर्यंत तापतो, मग तो कां चालूं नये, असें एखादा हुशार मुलगा विचारील. वाफेचें तत्त्व तेंच खरें; परंतु आंतली हवा पुरती गेली कीं नाहीं आणि वस्तु कोरडी होऊन बाहेर आली कीं नाहीं, याची शाश्वती घरच्या कुकरांत नसते. बंद पाकिटावरील मुदतीची तारीख व निर्जंतुकतेची रंगखूण पाहावी. कोंकणच्या पावसाळ्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाकिटाचा कागद दमट झाला असेल तर आंतील सुई निर्जंतुक धरतां येत नाहीं. ज्या घरांत आषाढांत पापडसुद्धां सादळतात, तेथें हीं पाकिटें घट्ट झांकणाच्या डब्यांतच ठेवलीं पाहिजेत. ओल आलेल्या भिंतीवरच्या प्लगांतून यंत्रास वीज देऊं नये, हें वेगळें सांगावयास नको.

रंगांत पाणी घालतांनाहि सावध असावें. २०११ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथें एकाच कारागिराकडे गोंदवून घेतलेल्या १९ जणांच्या अंगावर चिवट पुरळ उठलें. कारागीर स्वच्छ होता. जंतु निघाले कारखान्यांतून तयार आलेल्या करड्या रंगांत, आणि संशय गेला तो रंग पातळ करण्यास वापरलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यावर. ऊर्ध्वपातित पाणी शुद्ध असलें तरी निर्जंतुक असतेंच असें नाहीं. मग विहिरीच्या पाण्याची गोष्टच नको.

काम संपल्यावर सुईस टोपण घालण्याच्या भरीस पडूं नये. बोटांस टोंचण्याची वेळ बहुधा हीच. ती सरळ न फुटणाऱ्या, जाड भिंतीच्या डब्यांत टाकावी. तो डबा कचऱ्याच्या गाडींत देतां येत नाहीं, परसांत पुरणें तर त्याहून वाईट. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ सालापासून नव्यानें लागू आहेत. तेव्हां भरलेला डबा घेण्याविषयीं रत्नागिरीच्या एखाद्या रुग्णालयाशीं पेटी मागविण्यापूर्वींच बोलून ठेवावें.