वारली चित्राचे घर महाजालावर उभारताना

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर लग्नघरात देवचौक लिहिला जाई, तेव्हा त्याखाली कोणाची सही नसे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा उमटत आणि तो हात कोणत्या सवाशिणीचा, हे साऱ्या पाड्याला ठाऊक असे. १९७०च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांबरोबर त्यांचे नावही जगभर पोहोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र बहुतेक कलाकारांच्या वाट्याला असे नाव आले नाही. तारपा नाचणाऱ्यांची ती वळणदार रांग आज साड्यांवर, पिशव्यांवर, कपांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसते. ती कोणी काढली हे मात्र दिसत नाही. म्हणूनच या भागातील एखाद्या कुटुंबाने किंवा कलाकारांच्या छोट्या गटाने चित्रकाम आणि नक्षीकामाचा व्यवसाय सुरू केला, की स्वतःचे संकेतस्थळ ही चैन राहत नाही. चित्र आणि चित्रकाराचे नाव एकत्र ठेवणारी ती जागा असते. प्रश्न एवढाच, की ही जागा कोणत्या प्रणालीवर उभारावी?

आधी काम, मग साधन

प्रणाली निवडण्याआधी आपला व्यवसाय नेमका कसा चालतो, हे कागदावर लिहून काढावे. वारली कलाकाराचे काम साधारणपणे तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार तयार चित्रांचा. असे प्रत्येक चित्र एकमेव असते. ते प्रदर्शनात विकले गेले, तर त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर 'विकले' अशी नोंद करता आली पाहिजे. दुसरा प्रकार मागणीनुसार केलेल्या कामाचा, म्हणजे भिंतचित्रे, लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची सजावट. येथे ग्राहकाला 'खरेदी करा' हे बटण नको असते. भिंतीची लांबी-रुंदी, तिचे छायाचित्र, ठिकाण आणि तारीख कळवण्यासाठी त्याला एक अर्ज हवा असतो. तिसरा प्रकार कापडावर किंवा वस्तूंवर छापण्यासाठी नक्षी देण्याचा. त्यात वापराच्या अटी महत्त्वाच्या असतात.

जी प्रणाली या कामांप्रमाणे वळते, तीच आपल्यासाठी बदलण्याजोगी. केवळ रंग आणि मुखपृष्ठावरील चित्र बदलता येणे पुरेसे नाही.

तीन वाटा

पहिली वाट तयार घराची. विक्स, स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवांमध्ये माऊसने ओढून मांडणी करता येते. जागा, सुरक्षा आणि दुरुस्ती हे सारे एकाच शुल्कात येते. तांत्रिक माहिती नसलेल्या माणसालाही चार दिवसांत नीटनेटके दालन उभारता येते. मात्र विक्सवर बांधलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या सेवेकडे नेता येत नाही. सोडायचे ठरवले, तर नवे घर पायापासून बांधावे लागते.

दुसरी वाट तयार दुकानाची. २००६ मध्ये कॅनडात सुरू झालेली शॉपिफाय ही त्यातील ठळक सेवा. मालाची यादी, शिल्लक साठा, पाठवणी, पैशांची वसुली हे सारे तिच्यात आधीच बसवलेले असते. वस्तूंची यादी तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते, पण दुकानाची सजावट तिथेच राहते. शिवाय शुल्क दरमहा भरावे लागते, पावसाळ्यात एकही चित्र विकले गेले नाही तरीही. रोज मागण्या येत असतील तरच हा खर्च परवडतो.

तिसरी वाट वर्डप्रेसची. २००३ मध्ये आलेली ही प्रणाली मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. २०११ मध्ये आलेले वूकॉमर्स तिला जोडले, की दुकानही तयार होते. भाड्याने घेतलेल्या जागेवर ती बसवायची आणि जागा आवडली नाही, तर सारा संसार दुसरीकडे हलवायचा, ही मोकळीक येथे आहे. तिची किंमत देखभालीत मोजावी लागते. नव्या आवृत्त्या बसवणे आणि प्रती काढून ठेवणे टाळले, तर संकेतस्थळात घुसखोरी व्हायला वेळ लागत नाही. येथे एक सावधगिरी हवी. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' येथे ही मुक्त प्रणाली मिळते, तर 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही त्याच प्रणालीवर चालणारी, शुल्क घेणारी तयार सेवा आहे. दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

मराठी अक्षरांची परीक्षा

परदेशी सेवांचे नमुने इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून रचलेले असतात. मराठी मजकूर घातला, की मथळ्यावरच्या मात्रा कापल्या जातात किंवा दोन ओळी एकमेकींवर चढतात. म्हणून नमुना निवडताना 'वाऱ्यावरची लेखणी, मुळ्ये, कृष्णा' असे काही शब्द टाकून पाहावेत. मुक्त परवान्याचा 'मुक्त' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' हा टंक त्या प्रणालीत वापरता येतो का, हेही तपासावे. छपाईच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत तयार केलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर महाजालावर निरर्थक चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

नाव आणि किल्ली

सर्वांत मोठी चूक येथेच होते. संकेतस्थळ बांधून देणारा माणूस पत्ता स्वतःच्या नावाने नोंदवतो, परवलीचा शब्दही त्याच्याकडेच राहतो आणि पुढे वाद झाला, की ग्राहकांना तोंडपाठ झालेला पत्ता कलाकाराच्या हातून जातो. 'डॉट इन' असो वा २०१४ पासून देवनागरीत मिळणारा 'डॉट भारत', पत्त्याची नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या इ-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर करावी. प्रणाली बदलली तरी पत्ता तोच ठेवता येतो.

फुकटच्या जागेवर विसंबण्यातला धोका अनेकांनी अनुभवला आहे. गुगलच्या व्यवसाय नोंदीबरोबर मिळणारी साधी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी कार्डांवर आणि पाट्यांवर तोच पत्ता छापला होता, त्यांना ते सारे बदलावे लागले. त्यामुळे ग्राहकांची यादी, चित्रांची छायाचित्रे आणि मजकूर यांची प्रत दर महिन्याला आपल्याजवळ उतरवून ठेवावी. परदेशी सेवेचे शुल्क कार्डातून आपोआप कापले जाईल असेही गृहीत धरू नये. भारतात अशा वसुलीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आहेत. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली बरी.

चित्र दाखवण्यापूर्वी

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते चिन्ह संकेतस्थळावर लावायचे, तर कलाकाराची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी झालेली असावी लागते. आपण स्वतः रचलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क आपोआप मिळतो, पण परंपरेतली आकृती कोणा एकाची नसते. येथे कायद्यातील एक गाठ लक्षात ठेवावी. कापडासारख्या वस्तूवर छापण्याच्या नक्षीची डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी होऊ शकते. ती केली नाही आणि त्या नक्षीच्या ५० हून अधिक वस्तू कारखान्यात निघाल्या, तर त्या नक्षीवरचा स्वामित्वहक्क संपतो. उलट अर्ज करण्याआधीच नक्षी जाहीर केली, तर नोंदणीच नाकारली जाऊ शकते. म्हणून नवी नक्षी आधी अर्जात आणि नंतर संकेतस्थळावर, हा क्रम पाळावा. प्रणालीत काही पाने परवलीच्या शब्दाने झाकता येतात का, हे पाहण्याचे कारणही हेच.

छपाईयोग्य मोठे छायाचित्र कधीही चढवू नये. पडद्यापुरते, सुमारे १२०० पिक्सेल रुंदीचे पुरेसे असते. त्यामुळे पान लवकर उघडते आणि चोरणाऱ्याच्या हाती चांगली छपाई होईल असे काही लागत नाही. प्रत्येक चित्राखाली कलाकाराचे नाव, गाव आणि वर्ष अवश्य असावे.

निवड कशी करावी?

एकट्या कलाकाराकडे वीस-तीस चित्रे आणि बहुतांश काम मागणीनुसार असेल, तर तयार घराची सेवा, चौकशीचा अर्ज आणि यूपीआय एवढे पुरे. दुकानाचा थाट नको. कलाकारांचा गट असेल, प्रत्येकाचे वेगळे पान हवे असेल आणि आठवड्यातून दोन तास देखभाल करणारा तरुण किंवा तरुणी गटात असेल, तर वर्डप्रेस उत्तम. तयार दुकानाकडे रोजची विक्री सुरू झाल्यावरच वळावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रारीसाठी संपर्क ठळकपणे द्यावा लागतो. ती पाने पहिल्या दिवसापासून ठेवावीत.

पैसे भरण्यापूर्वी एक संध्याकाळ परीक्षेला द्यावी. शहरातल्या कार्यालयात नव्हे, तर आपल्या पाड्यावर, आपल्या मोबाइलवर, जे मिळेल त्या नेटवर्कवर. एक चित्र चढवावे, मराठीत नाव लिहावे, किंमत बदलावी, 'विकले' अशी नोंद करावी आणि शेवटी सारी यादी उतरवून घेऊन पाहावी. ही पाच कामे दुसऱ्याला न विचारता जमली, तर ती प्रणाली आपली. जमली नाहीत, तर ती कितीही देखणी असो, तिच्या किल्ल्या कायम दुसऱ्याच्याच हाती राहतील.