क्लच, द्रवचालित
क्लच, द्रवचालित : पेडलवरील पायाचा दाब द्रवाच्या साहाय्याने क्लचपर्यंत पोहोचविणारी मोटारगाडीतील यंत्रणा. उत्तरपाडा (पश्चिम बंगाल) येथे २०१४ पर्यंत तयार झालेल्या अँबॅसडर गाडीत ती आढळते. पेडल दाबताच प्रमुख सिलिंडरातील दट्ट्या ब्रेक द्रवाला नळीतून गौण सिलिंडरात ढकलतो. तेथील दट्ट्या तरफेद्वारे क्लच सोडवितो.

दट्ट्यांवरील रबरी वाट्या झिजल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर बदलताना दातांचा खरखराट होतो. पेडलजवळ ओल असल्यास दोष प्रमुख सिलिंडरात, गिअरपेटीजवळ असल्यास बहुधा गौण सिलिंडरात असतो. गळती नसताही पेडल हळूहळू खचत असेल, तर प्रमुख सिलिंडरातील वाटीच्या कडेने द्रव मागे निसटतो. जालना जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात जुने रबर लवकर कडक होते. फाटक्या रबरी टोपणातून शिरलेली धूळ सिलिंडराला ओरखडे पाडते. द्रव हवेतील बाष्प शोषत असल्याने आतून गंजही चढतो.

सिलिंडराची आतील भिंत गुळगुळीत असल्यास केवळ वाट्या बदलून भागते. खड्डे किंवा ओरखडे असल्यास संपूर्ण सिलिंडर बदलावा लागतो, अन्यथा नव्या वाट्याही लवकरच निकामी होतात. सुटे भाग ताज्या ब्रेक द्रवानेच धुतात. पेट्रोल, डिझेल वा एंजिन तेलाने हे रबर फुगते. हा द्रव विषारी असून गाडीचा रंगही उडवितो. शेवटी गौण सिलिंडराच्या निर्गम स्क्रूतून हवा काढतात. हवा दाबली जात असल्याने तिचे बुडबुडे राहिल्यास पेडलचा दाब क्लचपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही.