गिअरबॉक्स उघडण्याआधी

“गरम झाली की उचलूनच नाही राहिली ना भाऊ!” यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या गॅरेजात गाडीमालक सांगत होते. कन्व्हर्टर गेला, गाडी दोरीने ओढत नागपूरला न्या, असा सल्ला त्यांना आधीच मिळाला होता.

मिस्त्रींनी आधी गाडीची जात पाहिली. २०१४ साली सेलेरिओ गाडीबरोबर एएमटी, म्हणजे क्लच आपोआप दाबणारा साधाच गिअरबॉक्स, आला, तेव्हापासून क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी लोकांच्या लेखी ऑटोमॅटिकच. पण एएमटीत साधीच क्लच प्लेट असते. ही गाडी त्याआधीची, टॉर्क कन्व्हर्टरची. त्यात इंजिनाने फिरणारी पाती तेल फेकतात, त्या माऱ्याने समोरची पाती फिरतात आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला दिशा देऊन जोर वाढवतो. जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगरने १९०५ मध्ये जहाजांसाठी पेटंट घेतलेली ही युक्ती. कन्व्हर्टरचं कवच वेल्डिंगने बंद असतं. आत डोकावता येत नाही, म्हणून पारख बाहेरूनच करावी लागते.

गाडी फिरवून तेल तापवलं. इंजिन चालू ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमधून नेला आणि तेल मोजायची पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल काळपट आणि जळकट वासाचं असतं तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट जळाल्या म्हणायचं. दुधाळ असतं तर रेडिएटरमधलं पाणी शिरलं. इथे रंग लालसरच होता. पण पातळी खुणेच्या बरीच खाली, आणि वर फेस. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेट घसरतात. कूलरच्या नळीच्या जोडावर ओल सापडली. यवतमाळच्या मे महिन्यात आधीच तापलेल्या तेलाला एवढी गळती पुरते.

नळी बदलून, योग्य प्रतीचं तेल भरूनच पुढची परीक्षा. चाकांना दगड, हँडब्रेक, ब्रेकवर घट्ट पाय. लिव्हर ‘डी’मध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, पण पाच सेकंदांच्या आत सोडायचाच, कारण सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. गाडीसमोर कुणालाही उभं राहू दिलं नाही. इंजिनाचे फेरे ठरल्यापेक्षा चढले तर प्लेट घसरतात. ‘डी’त चढले आणि ‘आर’मध्ये नाही, तर दोष पुढच्या गिअरच्या क्लचचा. फारच खाली राहिले तर इंजिन अशक्त, नाहीतर स्टेटरचा एकाच दिशेने फिरणारा क्लच निकामी. इथे दोन्हीकडे आकडा बरोबर आला.

मग नागपूर रोड. सत्तर-ऐंशीच्या स्थिर वेगात ब्रेकला नुसता पाय लावला, फेरे किंचित वाढले आणि पाय काढताच उतरले. म्हणजे कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉक-अप क्लच धरतो आणि सोडतोही. तो धरताना गाडी थरथरली असती, तरी मिस्त्री आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासणार होते, कारण मिसफायरची थरथर तशीच लागते.

दोरीचा सल्ला मानला असता तर चांगला गिअरबॉक्स वाटेतच गेला असता. इंजिन बंद असलं की तेलाचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. अशी गाडी न्यायचीच तर पुढची, इंजिनाने चालणारी चाकं उचलून, किंवा सरळ ट्रकवर चढवून.