‘खुनी कोण?’ हा प्रश्न पुरत नाही तेव्हा

“गुन्हेगारीच्या गोष्टींवर पीएचडी करता येते का?” पेटची तयारी करणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. करता येते, पण प्रश्न नीट धरावा लागतो. माझंच चुकलेलं सांगतो.

बारामतीत बसून मी आराखडा लिहिला तो मुंबईच्या गिरणगावावर. कारण घरचंच. माझे चुलत आजोबा, आबा, परळच्या गिरणीत होते. संपानंतर गावी आले ते कायमचे. मी लिहिलं होतं: १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, घरं मोडली, पोरं टोळ्यांत गेली. पुरावा काय, तर जयंत पवारांचं ‘अधांतर’ (१९९७).

गाईड मॅडम म्हणाल्या, “अरे, हे नाटक आहे. किती पोरं टोळीत गेली, हे ते कसं सांगणार?”

बरोबरच होतं. त्यासाठी पोलिसांच्या नोंदी, त्या वेळची वर्तमानपत्रं, कामगारांच्या मुलाखती बघायला हव्यात. मग नाटकातून काय कळतं? इथे तुलना कामी येते.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत गुन्हा म्हणजे कोडं. धनंजयसारखा हुशार गुप्तहेर बाहेरून येतो, कोडं सोडवतो, गोष्ट संपते. ‘अधांतर’मध्ये चाळीतलं एक घर आहे. एक भाऊ लेखक होऊ बघतो, एकाला क्रिकेटचं वेड, आणि नरू टोळीत. शोधून काढायला काही उरलेलंच नाही. माहीत असूनही एका छपराखाली राहायचं कसं, हा पेच आहे. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) तर सांगणारा पोक्याच नाक्यावरच्या पोरांतला. बाहेरचा न्यायाधीश नाहीच. पुस्तकावर अश्लीलतेवरून वाद झाला, त्यात या आतल्या आवाजाचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

म्हणून अशी कुठलीही कलाकृती वाचताना मी आता तीन प्रश्न वहीत लिहितो:

१. गोष्ट कोण सांगतंय, आतला की बाहेरचा?
२. गुन्हा कोणाकोणाला माहीत आहे आणि कोण गप्प आहे?
३. शेवटी वस्तीत काही पूर्ववत होतं का?

दुसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो मुलाखतींतही भेटतो. आबांना मी विचारलं, “तुमच्या चाळीतली पोरं टोळीत होती का हो?” ते बराच वेळ पंचाच्या टोकाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, “आपल्याच पोरांची नावं कशाला घ्यायची?”

मी पुढे विचारलं नाही. नावं मिळाली असती तर एक प्रकरण भरलं असतं, पण ती पोरं आज कोणाचे तरी बाप आहेत. आबांचं वाक्य मात्र त्यांना विचारून प्रबंधात घेतलंय, नाव-गाव न देता. गप्प राहणं हीसुद्धा नोंद असते, फक्त ती नोंद म्हणून लिहून ठेवावी लागते.