बोअर घेण्यापूर्वी गावच्या विहिरीचे अंतर मोजा



मार्च लागला, विहिरीने तळ गाठला, की बोअरची गाडी गावात येते. अशा वेळी आपण दोनच प्रश्न विचारतो : फुटाचा भाव काय आणि पाणी किती फुटांवर लागेल? गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर या जागेपासून किती लांब आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. खरे तर तोच पहिला विचारावयास हवा.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात नदीकाठच्या वाळूइतके पाणी मावत नाही. ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत राहते. वरच्या थरातील साठा चांगल्या पावसात भरून निघतो. खोलवरच्या भेगा भरण्यास फार काळ लागतो. शिवाय केसिंग पाईप नीट बसविला नसेल तर वरच्या थरातील पाणी बोअरमधून खाली उतरते व शेजारची विहीर न उपसताच आटू लागते.

थोडा हिशेब करून पाहू. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. एक एकर पिकाला ५ सेंटिमीटरची एक पाळी दिली की सुमारे २ लाख लिटर पाणी जाते, म्हणजे गावाचे जवळजवळ दोन दिवसांचे पिण्याचे पाणी. उन्हाळी उसाला अशा किती पाळ्या लागतात हे आपणास ठाऊकच आहे.

म्हणूनच राज्याने १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल विनियमनाचा कायदा केला. त्याची जागा पुढे २००९ च्या भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने घेतली. तो २०१४ पासून अमलात आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर वा बोअर घेता येत नाही. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा जास्त खोली गेली की ती खोल विहीर ठरते व शेती आणि उद्योगासाठी अशा नव्या विहिरींवर बंधन आहे. बोअरच्या गाडीच्या मालकालाही नोंदणी करावी लागते. तेव्हा गाडी ठरविताना नोंदणीचा कागद मागावा. बिननोंदणीचा मालक खड्डा करून पुढच्या गावी जातो. तक्रार व दंडाची झळ मात्र आपल्यालाच बसते. पाणाड्याच्या तळहातावरील नारळ उभा राहिला, हे काही परवानगीचे कारण होत नाही!

कायद्याहून ग्रामसभेचा ठराव अधिक उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर घेणे बंद केले, ऊस व केळी यांसारखी पिके वर्ज्य केली आणि पाऊस संपताच उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरविण्याची प्रथा पाडली. याउलट लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

अलीकडे शेतातल्या बोअरवर जारच्या पाण्याचा धंदाही सुरू झालेला दिसतो. बाटलीबंद पाण्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली जो परवाना मिळतो, तो पाण्याच्या शुद्धतेचा असतो. उपशाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. अशा धंद्याचा विषय ग्रामसभेपुढे आला तर रोजचा उपसा किती लिटर, हे लेखी मागावे.

परवानगीचा अर्ज कोठे द्यावयाचा याची चौकशी तहसील कार्यालयात करावी. जागेबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील वरिष्ठ भूवैज्ञानिकांचा सल्ला घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० सालच्या निर्देशांप्रमाणे खोदाईपूर्वी किमान १५ दिवस लेखी सूचना द्यावयाची असते. बोअर कोरडा गेल्यास तोंडावर फरशी किंवा पोते टाकून भागत नाही. तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू व दगडगोटे भरून तो बुजवावा.