आठवड्याला फक्त २२ तास?

के-ड्रामा बघून कोरियन शिकायला लागलेले दोघं-तिघं तरी तुमच्या वर्गात असतीलच. त्यातलं कुणीतरी कँटीनमध्ये बोललंही असेल, "यार, तिकडे जाऊन इंग्रजी शिकवता येतं. आठवड्याला फक्त २२ तास काम!" ऐकायला मस्त वाटतं. पण हे २२ तास नेमके कसले?

दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणारी 'एपिक' योजना १९९५ मध्ये सुरू झाली. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार २०१० मध्ये लागू झाला आणि त्यातून भारतीयांनाही वाट मिळाली. मात्र नुसतं फाडफाड इंग्रजी येऊन भागत नाही. पदवीच्या जोडीला शिक्षकाची रीतसर पात्रता लागते.

आता गणित बघा. कामाचा आठवडा ४० तासांचा. त्यात वर्गावर २२ तास, आणि तेही घड्याळी नाहीत. प्राथमिक शाळेत ४० मिनिटांची तासिका 'एक तास' धरतात. म्हणजे प्रत्यक्ष शिकवणं १४ तास ४० मिनिटं. बाकीचा वेळ आरामाचा नाही, शाळेत बसून तयारी करण्याचा. २२ च्या वर शिकवलं तर जादा पैसे मिळतात. जपानच्या 'जेट' योजनेतही आठवडा साधारण ३५ तासांचा असतो.

मग आपल्याकडे काय? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेतल्या शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा, पण त्यात तयारीचे तास धरलेत. कॉलेजात यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला ४० तासांच्या आठवड्यात १६ तास शिकवायचं असतं. थोडक्यात, तयारी हेही कामच, हे कागदावर सगळ्यांनाच मान्य आहे.

अडतं ते तासिका तत्त्वावर. आपल्याला शिकवणारे कित्येक सर-मॅडम याच तत्त्वावर आहेत. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. आदल्या रात्री काढलेल्या नोट्स, कॉरिडॉरमध्ये सोडवलेल्या शंका यांचा हिशेब कुठेच नाही. सुट्ट्या लागल्या की तास बंद, आणि कमाईही.

म्हणून शिकवण्याची नोकरी धरायची असेल, सोलमध्ये असो की सीताबर्डीत, सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. तास किती मिनिटांचा? तयारीचा वेळ कामात धरता का? जादा तासांचे आणि सुट्टीतले पैसे मिळतात का? उत्तरं तोंडी नकोत, करारात लिहून घ्या.

आणि हो, पुढच्या वेळी तास संपल्यावर "सर, फक्त पाच मिनिटं" म्हणाल, तेव्हा ती पाच मिनिटं कुणाच्या खिशातून जातात, तेही आठवा.